घराचे भाडे आणि गच्चीचा कठडा



काही आठवड्यांपूर्वी रविवारच्या सकाळच्या मिस्सानंतर एक पतिपत्नी आम्हाला भेटण्यासाठी थांबले. दोघांनीही पन्नाशी ओलांडली आहे. तो बरीच वर्षे आखातात नोकरी करून परतला आहे, ती शाळेत शिकवते. मुलगी लग्न होऊन सासरी गेली, मुलगा कमावता झाला. हाताशी थोडी पुंजी आहे. मिरा रोडला, स्टेशनपासून शेअर रिक्षाच्या अंतरावर, त्यांनी वन बीएचके फ्लॅट पाहून ठेवला आहे. तो घ्यायचा आणि भाड्याने द्यायचा. नवरा हसत म्हणाला, "फादर, घराला आशीर्वाद द्यायला याल ना?" बायको मात्र हसली नाही. ती म्हणाली, "फादर, आधी एक सांगा. राहायला एक घर असताना दुसरे घर घ्यायचे आणि ज्याला घर नाही त्याच्याकडून दर महिन्याला पैसे घ्यायचे, हे देवाला चालते का?"

त्याच आठवड्यात गुरुवारी संध्याकाळी एक बहीण आमच्याकडे आली. ती इस्पितळात परिचारिका आहे. तिची आई तिच्याजवळ असते आणि आठवड्यातून दोनदा आईला जवळच्या केंद्रात डायलिसिससाठी न्यावे लागते. मुलाची शाळा पाच मिनिटांवर. अकरा महिन्यांचा करार संपत आला आहे. मालकाने चौदा हजारांचे भाडे एकदम एकोणीस हजार केले. आजूबाजूच्या घरांचे भाडे इतके वाढलेले नाही. "फादर, त्यांना माहीत आहे की आईला घेऊन मी लांब जाऊ शकत नाही," ती म्हणाली. तो मालक आपल्यापैकीच आहे. रविवारी तोही ख्रिस्तशरीर स्वीकारायला रांगेत उभा असतो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या भेटीत दडलेले आहे, असे आम्हाला वाटते. म्हणून आज आपण या दोन्हींचा एकत्र विचार करू या. सुरुवातीलाच एक कबुली देतो. आम्ही धर्मगुरू भाडे भरत नाही, आमच्या डोक्यावरचे छप्पर धर्मग्राम सांभाळते. शिवाय ख्रिस्तसभासुद्धा जमिनींची आणि जागांची मालक आहे. तेव्हा पुढे जे लिहिले आहे ते आम्हालाही तितकेच लागू आहे.

घर भाड्याने देणे पाप आहे का?

पवित्र शास्त्र मालकीला पाप म्हणत नाही. साराच्या दफनासाठी अब्राहामाने मखपेलाची गुहा चारशे शेकेल चांदी मोजून विकत घेतली (उत्पत्ती 23). फुकट देऊ केलेली जागा त्याने नाकारली आणि सर्वांसमक्ष योग्य मोल देऊन व्यवहार केला. प्रेषितांच्या कृत्यांच्या शेवटी आपल्याला संत पौल रोममध्ये दोन वर्षे भाड्याच्या घरात राहताना दिसतो (28:30). तिथेच तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ख्रिस्ताविषयी सांगत होता. म्हणजे सुवार्ता ज्या घरातून रोमला पोचली त्या घराला कोणीतरी मालक होता. त्याचे नाव आपल्याला माहीत नाही. पण त्याने एका कैद्याला घर नाकारले नाही, एवढे खरे.

मात्र त्याच शास्त्रात यशया संदेष्ट्याचा इशाराही आहे. घराला घर आणि शेताला शेत जोडत जाऊन शेवटी दुसऱ्याला उभे राहायलाही जागा न ठेवणाऱ्यांना तो धिक्कारतो (5:8). आणि लेवीयमध्ये परमेश्वर स्पष्ट सांगतो की भूमी त्याची आहे आणि आपण तिच्यावर उपरे आहोत (25:23). या वचनाचा साधा अर्थ असा की सातबारा आणि शेअर सर्टिफिकेट कोणाच्याही नावावर असो, देवापुढे आपण सगळे भाडेकरूच आहोत.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला तेराव्या शतकातले संत थॉमस अक्वायनस यांचे एक विवेचन फार उपयोगी वाटले होते. त्यांच्या काळी ख्रिस्तसभा कर्जावरच्या व्याजाला कडक विरोध करीत असे. मग प्रश्न निघाला की पैसे उसने देऊन वर पैसे घेणे चूक असेल, तर घर वापरायला देऊन पैसे घेणे बरोबर कसे? थॉमस म्हणतात, काही वस्तू वापरल्या की संपतात. गहू खाल्ला की गेला, द्राक्षारस प्याला की गेला. अशा वस्तूंच्या बाबतीत वस्तू आणि तिचा वापर यांचे वेगळे मोल घेणे म्हणजे एकाच गोष्टीचे दोनदा पैसे घेणे. घराचे तसे नाही. दुसरा त्यात राहतो, पण घर उरते आणि मालकाचेच राहते. म्हणून वापराचे वेगळे मोल घेता येते. त्या मोलाचे नाव भाडे.

तेव्हा त्या भगिनीच्या प्रश्नाचा पहिला भाग सुटला. भाडे घेणे स्वतःत वाईट नाही. घर झिजते, रंग उडतो, नळ गळतो, प्लंबिंग सडते, कर भरावा लागतो, कधी दोन महिने घर रिकामे राहते. हे सारे मालक सोसतो. त्याचा मोबदला त्याला मिळणे न्यायाचे आहे. आपल्या धर्मग्रामात अशा विधवा भगिनी आहेत ज्यांचे महिन्याचे औषध आणि रेशन एका खोलीच्या भाड्यावर चालते. त्यांना कोणी शोषक म्हणू नये.

विकता येत नाही अशी गोष्ट

आता दुसरा भाग. भाडे किती घ्यावे? "बाजारात मिळेल तितके," असे इस्टेट एजंट सांगतो. बरेचदा ते उत्तर ठीकही असते. एकाच रस्त्यावरच्या दहा घरांचे भाडे पंधरा हजारांच्या आसपास असेल, तर पंधरा मागण्यात गैर काही नाही.

पण थॉमस इथेही एक बारीक भेद दाखवतात. समजा, एखाद्याला माझ्या वस्तूची अतिशय निकड आहे. ती वस्तू देण्याने माझे खास नुकसान होत असेल, तर मी त्या नुकसानीचा विचार करून किंमत वाढवू शकतो, कारण ते नुकसान माझे आहे. पण माझे काहीच जास्त नुकसान नसेल आणि केवळ समोरच्याची गरज मोठी म्हणून मी किंमत वाढवत असेन, तर मी त्याला त्याचीच गरज विकत असतो. ती गरज माझ्या मालकीची नाही. आणि जे आपले नाही ते विकण्याचा अधिकार कोणालाच नाही.

त्या परिचारिकेच्या घराचा विचार करा. चौदाचे एकोणीस झाले, तेव्हा घरात काय वाढले? खोली वाढली नाही, पाणी वाढले नाही, भिंतीला रंग लागला नाही, शेजारची भाडीही तितकी वाढली नाहीत. वाढले ते एकच: मालकाला तिच्या आईचा आजार कळला. ते पाच हजार रुपये घराचे भाडे नाहीत. ते त्या आईच्या डायलिसिसचे भाडे आहे. आपल्या मराठीत यासाठी नेमका शब्द आहे, अडवणूक. "अडला हरी, गाढवाचे पाय धरी" ही म्हण आपण हसून वापरतो. पण हरी अडला असताना आपण कोणाच्या जागी उभे असतो, हा विचार आपल्या मनात येत नाही.

यातून एक कसोटी मिळते आणि ती प्रत्येक घरमालकाने आपल्या देवघरातल्या क्रूसासमोर बसून लावावी. भाडे वाढवताना स्वतःला विचारावे: हे मी कशाचे घेतो आहे? घराचे, की त्या माणसाच्या अडचणीचे? महागाई वाढली, मेंटेनन्स वाढला, परिसरातील भाडी वाढली, तर वाढ मागण्याचा हक्क आहे. फक्त "आता तो कुठे जाणार?" हे कारण असेल, तर ते कारण ख्रिस्ती नाही.

बांधाची आठवण

आपल्या या भूमीचा इतिहासही हेच शिकवतो. आज जिथे टॉवर उभे आहेत तिथे भाताची शेते आणि मिठागरे होती. आगरी, कोळी आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबे ती कसत होती. उत्तन-डोंगरीकडे गेलात तर त्या जगाची थोडी ओळख अजून पटते. 1870 मध्ये इंग्रज सरकारने भाईंदर, मिरे आणि घोडबंदर इथल्या जमिनी रामचंद्र लक्ष्मणजी यांना 999 वर्षांच्या पट्ट्याने दिल्या. पट्टेदाराने खाडीचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध घालायचे आणि त्या बदल्यात पिकाचा ठरावीक हिस्सा घ्यायचा, अशी ती व्यवस्था होती. पुढे त्या हक्कांवरून पिढ्यान् पिढ्या वाद आणि कोर्टकचेऱ्या झाल्या. त्यात कोण बरोबर, कोण चूक, हे आम्ही ठरवणार नाही. पण मूळ कल्पनेकडे पाहा. हिस्सा घेण्याचा हक्क बांधाच्या जबाबदारीला जोडलेला होता. बांध फुटला, पाणी शिरले, भात जळाला आणि तरी हिस्सा मागितला, तर तो हिस्सा कशाचा?

पुढे शेते गेली आणि इमारती आल्या. जनगणनेनुसार 1991 मध्ये मिरा-भाईंदरची लोकसंख्या सुमारे पावणेदोन लाख होती. 2001 मध्ये ती 5 लाख 20 हजारांवर गेली आणि 2011 मध्ये 8 लाख 9 हजारांवर. 28 फेब्रुवारी 2002 रोजी नगरपालिकेची महानगरपालिका झाली. मुंबईत परवडत नाही म्हणून गिरगाव, बांद्रा, माहीम, मालाड इथून किती कुटुंबे इकडे आली! आपल्या मिस्साला येणाऱ्यांपैकी अनेकांनी या शहरातला पहिला दिवस भाड्याच्या खोलीत काढला आहे. कोणी अकरा महिन्यांच्या करारावर, कोणी हेवी डिपॉझिट देऊन. जे आज मालक झाले आहेत त्यांनी तो दिवस विसरू नये. इस्राएल लोकांनाही परमेश्वर पुन्हा पुन्हा हेच बजावत होता: तुम्ही मिसर देशात परके होता, हे लक्षात ठेवा.

बुरूज बांधण्याआधी हिशेब

त्या पतिपत्नीला आम्ही आणखी एक गोष्ट सांगितली. बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असे प्रभू येशू म्हणतो (लूक 14:28). "घर पाहावे बांधून" असे आपले वाडवडीलही उगाच म्हणत नव्हते. कर्ज काढून भाड्याचे घर घेणाऱ्याला एजंट सांगतो, "काका, हप्ता भाड्यातूनच निघेल." हे आपण साध्या उदाहरणाने तपासू या.

समजा फ्लॅट 75 लाखांचा आहे. भाडे महिन्याला 18 हजार, म्हणजे वर्षाला 2 लाख 16 हजार. किमतीच्या तीन टक्केसुद्धा नाही. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स, घरपट्टी, दुरुस्ती, एजंटची दलाली आणि रिकामे राहिलेले महिने वजा केले, तर दीड-पावणेदोन लाख हातात राहिले तरी खूप. आता कर्जाचे पाहू. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे 30 ते 75 लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त 80 टक्के देऊ शकते. म्हणजे 60 लाख. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी त्याचा हप्ता सुमारे 52 हजार येतो. भाडे 18 हजार, हप्ता 52 हजार. उरलेले 34 हजार दर महिन्याला खिशातून. वीस वर्षांत बँकेला सुमारे सव्वा कोट जातील. मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि स्वतःचे 15 लाख वेगळेच.

मग लोक घेतात का? भाव वाढेल या आशेने. भाव वाढतीलही. पण ज्या दिवशी हप्ता डोईजड होतो त्या दिवशी मालकाच्या मनात एकच विचार येतो, भाडेकरूकडून जास्त कसे काढता येईल. आपण न झेपणारे कर्ज घेतो आणि त्याचा भार ज्याने कर्ज घेतलेच नाही त्याच्या खांद्यावर टाकतो. म्हणून ऐपतीबाहेरचे कर्ज न काढणे हे पैशाचे शहाणपण तर आहेच, शेजारधर्मही आहे. किमान सहा महिन्यांचे हप्ते बाजूला ठेवता येत नसतील, तर थांबावे. आजारपणासाठी ठेवलेला पैसा आणि मुलांच्या शिक्षणाचा पैसा विटांत अडकवू नये, कारण इस्पितळात भिंत मोडून देता येत नाही.

बांधकाम चालू असलेले घर घेणार असाल, तर प्रकल्प महारेराकडे नोंदलेला आहे का ते आधी पाहा. रेरा कायदा 2017 पासून पूर्णपणे लागू झाला. त्यानुसार नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, आणि ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी 70 टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. जुने घर घेताना कागदपत्रे वकिलाला दाखवा. आणि "थोडे ब्लॅकमध्ये द्या" असे कोणी म्हटले, तर नाही म्हणा. करचुकवेगिरी आणि दुसऱ्याच्या तोट्यावर नफा मिळवण्यासाठी केलेली सट्टेबाजी यांना ख्रिस्तसभेच्या कॅटेकिझमने सातव्या आज्ञेच्या भंगातच धरले आहे (क्र. 2409). भाड्याचे उत्पन्न कर विवरणात दाखवावे. दुरुस्ती वगैरेसाठी 30 टक्क्यांची सरसकट वजावट कायद्यानेच मिळते, लपवण्याची गरज नाही.

गच्चीचा कठडा

अनुवादाच्या पुस्तकात घरमालकासाठी एक छोटीशी आज्ञा आहे. नवे घर बांधशील तेव्हा गच्चीला कठडा घाल, म्हणजे कोणी पडून मेला तर त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येणार नाही (22:8). आम्हाला ही आज्ञा फार आवडते. घर तुझे, गच्ची तुझी, पण तिथून जो पडेल त्याचा जाब तुलाच द्यावा लागेल. मालकी म्हणजे फक्त किल्ली नव्हे, कठडासुद्धा.

आजच्या भाषेत कठडा म्हणजे काय? भाडेकरूच्या बाथरूमचे छत गळते, स्लॅबचा तुकडा पडतो, तेव्हा "तू राहतोस, तूच कर" असे न म्हणणे. शांतीनगरसारख्या आपल्या जुन्या वसाहतींतील कित्येक इमारतींना तीस वर्षे उलटून गेली आहेत. तीस वर्षांवरील इमारतींची संरचनात्मक तपासणी कायद्याने बंधनकारक आहे. सोसायटीच्या सभेत खर्च वाचवण्यासाठी "पुढच्या वर्षी बघू" म्हणून हात वर करणारे बरेचदा तिथे न राहणारे मालक असतात. छत कोसळले तर खाली झोपलेला मात्र भाडेकरू असतो.

कठडा म्हणजे करार नोंदवणेही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. अशा वेळी अटींविषयी वाद झाला, तर दुसरे काही सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. दोघांचेही संरक्षण याच कागदात आहे.

आणि कठडा म्हणजे दाराशी थांबणे. कर्जाचे गहाण घ्यायला जाशील तेव्हा कर्जदाराच्या घरात शिरू नकोस, बाहेर उभा राहा, असे शास्त्र सांगते (अनुवाद 24:10-11). गरीब झाला म्हणून त्याच्या उंबरठ्याचा मान जात नाही. दुसरी किल्ली आपल्याकडे आहे म्हणून न विचारता भाडेकरूच्या घरात शिरणारे मालक आम्हाला माहीत आहेत. भाडे थकले म्हणून पाणी-वीज तोडणारेही आहेत. घर सोडताना भिंतीवरच्या खिळ्याचे निमित्त करून डिपॉझिट दाबून ठेवणारेही आहेत. या सर्वांनी ती दोन वचने वाचावीत.

आपल्याला नाकारले की दुखते

आपल्या अनेक तरुणांना भाड्याचे घर शोधताना एक अनुभव येतो. फोनवर सगळे ठरते, नाव सांगितले की आवाज बदलतो. मासे खाता का, मटण शिजवता का, अशी चौकशी होते आणि घर "आत्ताच गेले" असे कळते. हे दुखते. पण आपल्यातल्या एखाद्या मालकाच्या दाराशी मुसलमान कुटुंब येते, ईशान्येकडची मुले येतात, एकटी राहणारी स्त्री येते, तेव्हा आपला आवाज बदलत नाही का?

2005 साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण सोसायटीच्या खटल्यात निकाल दिला आणि सभासदत्व आपल्या समाजापुरते ठेवण्याचा सहकारी संस्थेचा नियम मान्य केला. म्हणजे काही बाबतीत कायदा आपल्याला निवड करण्याची मुभा देतो. पण कायदा जिथे थांबतो तिथे सदसद्विवेकाचे काम संपत नाही. बेथलेहेमच्या धर्मशाळेत मरियेला जागा मिळाली नाही. त्या दाराशी नाही म्हणणाऱ्याने कोणताही कायदा मोडला नव्हता.

दुसरी बाजू

भाडेकरूंनाही दोन शब्द सांगायला हवेत. मालकाची भीती खोटी नसते. 1947 च्या मुंबई भाडे कायद्याने गरिबांना बेघर होण्यापासून वाचवले, पण भाडी दशकानुदशके जिथल्या तिथे गोठली. दुरुस्तीला पैसा निघेना, मालकांनी हात झटकले आणि दक्षिण मुंबईतल्या कित्येक इमारती खचत गेल्या. 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी गोठवलेली भाडी काळाच्या ओघात अन्यायकारक झाली असल्याचे म्हटले. म्हणजे भाडे फार चढले तर भाडेकरू चिरडतो, आणि फार गोठले तर कठडाच पडतो. न्याय दोन्हीकडून बिघडू शकतो.

म्हणून भाडेकरूने भाडे ठरल्या दिवशी द्यावे, घर आपले समजून वापरावे, मुदत संपल्यावर अडून बसू नये. म्हाताऱ्या मालकिणीला कोर्टाची भीती घालणे हीसुद्धा अडवणूकच आहे. तिथे हरी ती असते.

या भीतीमुळे बरेच जण घरे रिकामी ठेवतात. 2011 च्या जनगणनेत भारताच्या शहरी भागात 1 कोटी 10 लाखांहून अधिक घरे रिकामी आढळली. केंद्र सरकारच्या 2017-18 च्या आर्थिक पाहणी अहवालात मुंबईतल्या रिकाम्या घरांची संख्या 4 लाख 80 हजार दिली आहे, देशातल्या शहरांत सर्वाधिक. कुलूप लावलेले घर आणि फुटपाथवर झोपलेले कुटुंब एकाच शहरात! 1987 हे बेघरांसाठी निवाऱ्याचे आंतरराष्ट्रीय वर्ष होते. तेव्हा व्हॅटिकनच्या न्याय व शांती आयोगाने घरांच्या प्रश्नावर दस्तऐवज काढला. घर ही केवळ बाजारातली वस्तू नाही, आणि घरांचा सट्टा करून माणसाला निवाऱ्यापासून दूर लोटणे हा मालकीचा गैरवापर आहे, असा त्याचा आशय आहे. अधिक कोठारे बांधायला निघालेल्या श्रीमंताला प्रभूने मूर्ख ठरवले (लूक 12:16-21), ते पीक भरपूर आले म्हणून नाही. सगळा हिशेब करताना त्याच्या तोंडी दुसऱ्या कोणाचे नावच आले नाही म्हणून. भाव वाढण्याची वाट पाहत कुलूपबंद ठेवलेला फ्लॅट म्हणजे आजचे ते कोठार आहे.

तर त्या भगिनीला उत्तर

आम्ही तिला म्हणालो, "घर घ्या. कर्ज झेपेल एवढेच घ्या. व्यवहार पांढरा ठेवा. करार नोंदवा. घर रिकामे ठेवू नका. आणि भाडेकरू तुमच्याकडे येईल तेव्हा त्याची अडचण काय आहे हे जरूर विचारा, पण भाडे ठरवण्यासाठी नव्हे." नवरा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "फादर, हिशेब पुन्हा करायला हवा." घराला आशीर्वाद द्यायला आम्ही आनंदाने जाऊ. जाताना कठड्यावरही पवित्र पाणी शिंपडू.

त्या परिचारिका भगिनीचे काय? तिच्या संमतीने आम्ही तिच्या मालकाशी बोललो. तो रागावला नाही. "फादर, मार्केट आहे," एवढेच म्हणाला. हे लिहीपर्यंत त्याने निर्णय बदललेला नाही आणि तिला घर मिळालेले नाही. करार महिनाअखेर संपतो. आपल्यापैकी कोणाचे घर रिकामे असेल, किंवा होणार असेल, तर धर्मग्राम कार्यालयात किंवा सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या सभासदांना जरूर सांगा. ती घराचे भाडे भरेल, नेमाने भरेल. तिची एवढीच विनंती आहे की तिच्या आईच्या आजाराचे भाडे कोणी मागू नये.

ज्याला स्वतःचे डोके टेकायला जागा नव्हती तो प्रभू येशू आपल्या घरांचा खरा मालक आहे. तो आपणा सर्वांना, मालकांना आणि भाडेकरूंना, न्यायबुद्धी देवो.

प्रभूमध्ये आपले,
धर्मगुरू